अनासपुरे, आमची बोली आणि आमचा शहाजोगपणा

मराठीच्या प्राध्यापकांच्या खोलीत मकरंद अनासपुरे यांचे नाव निघाले की साधारणपणे दोनच प्रतिक्रिया उमटतात. पहिली अशी की, या माणसाने मराठवाड्याच्या बोलीला पडदा मिळवून दिला, तिला प्रतिष्ठा दिली. दुसरी अशी की, याच माणसाने ती बोली कायमची हास्यास्पद करून ठेवली. आमच्या मुलाने तोंड उघडले की पुण्या-मुंबईचा माणूस आधीच हसायच्या तयारीत बसतो. आम्ही या शहरात पंधरा-सोळा वर्षे मराठी शिकवतो आणि या दोन्ही प्रतिक्रिया आम्ही वेगवेगळ्या प्रसंगी स्वतः दिलेल्या आहेत. आज आम्हांला असे म्हणायचे आहे की, त्या दोन्ही चूक आहेत. आणि मुख्य म्हणजे त्या दोन्ही आमच्या सोयीच्या आहेत. बोलीच्या भल्याबुऱ्याचे सगळे ओझे एका नटाच्या गळ्यात अडकवून आपण मोकळे होतो, ही ती सोय.

एक प्रसंग सांगतो. एम.ए.ची तोंडी परीक्षा चालू होती. पैठण तालुक्यातल्या एका खेड्यातून येणारा विद्यार्थी समोर बसला होता. विषय होता एकनाथांची भारुडे. दाराबाहेर शिपायाशी तो घडाघडा बोलत असल्याचे आम्ही ऐकले होते; आत आल्यावर मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटेना. अर्धे वाक्य प्रमाण मराठीत जुळवायचा, अडखळायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. आम्ही म्हटले, अरे, तुझ्या पद्धतीने सांग. तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "सर, येतंय मला सगळं. पन बोलायलो की पोरं हसायलेत. अनासपुरे आला म्हनायलेत." हे ऐकून आमच्यापैकीच एक जण हसला. ते हसू दुष्टपणाचे नव्हते, सवयीचे होते. पण त्या मुलाने त्यानंतर एकही पूर्ण वाक्य उच्चारले नाही.

तेव्हापासून आम्ही हा प्रश्न डोक्यातून काढू शकलेलो नाही. त्या मुलाची वाचा कुणी घेतली? अनासपुरे यांनी की आम्ही?

प्रथम नटाच्या बाजूने विचार करू. बीडचा हा तरुण तेव्हाच्या औरंगाबादेत येतो, इथे नाटकाचे शिक्षण घेतो आणि मुंबई गाठतो. ही वाट त्याच्या आधी तयार झालेली होती. इथल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात कमलाकर सोनटक्के, लक्ष्मण देशपांडे यांसारख्या शिक्षकांनी मराठवाड्याच्या मुलांना रंगमंचावर उभे केले होते. ऐंशीच्या दशकात 'जिगीषा'ची मंडळी, म्हणजे चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांचे सोबती, याच शहरातून मुंबईला गेली होती. पण मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकासमोर एक न लिहिलेली अट असे: आधी उच्चार सुधारा. अनासपुरे यांनी ती अट मोडली. आपला उच्चार त्यांनी लपवला नाही, उलट तोच ठळक केला आणि त्याच्यावरच पोट भरले. याला धाडस म्हणायचे की व्यापार, यावर वाद घालता येईल. पण धाडस असल्याशिवाय हा व्यापार सुरूच झाला नसता, एवढे तरी मान्य करावे लागेल.

२००५ साली चंद्रकांत कुलकर्णी यांच्याच दिग्दर्शनाखाली 'कायद्याचं बोला' हा चित्रपट आला. १९९२ च्या 'माय कझिन विनी' या अमेरिकी चित्रपटाचा तो मराठी अवतार. मूळ चित्रपटात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा उच्चार घेऊन एक वकील दक्षिणेतल्या न्यायालयात उभा राहतो आणि ज्याला सगळे अडाणी समजतात तोच खटला जिंकतो. मराठी रूपांतरात ही जागा मराठवाडी बोलणाऱ्या वकिलाने घेतली. ही निवड वरवरची नव्हती. न्यायालय म्हणजे प्रमाणभाषेचा बालेकिल्ला. तिथे बोली उभी राहते, हसे करून घेते आणि शेवटी युक्तिवादाच्या बळावर जिंकते. पुढे २००८ साली 'दे धक्का', २००९ साली राजकारणाची टर उडवणारा 'गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा' आणि त्याच सुमारास रमेश इंगळे-उत्रादकर यांच्या कादंबरीवरचा 'निशाणी डावा अंगठा' असा प्रवास झाला. छोट्या पडद्यावर २०१७ साली 'अस्सल पाहुणे इरसाल नमुने' हा गप्पांचा कार्यक्रम त्यांनी चालवला आणि २०२३ साली 'पोस्ट ऑफिस उघडं आहे' या विनोदी मालिकेत ते दिसले.

यातल्या गप्पांच्या कार्यक्रमाकडे आमच्या समीक्षकांनी ढुंकूनही पाहिले नाही. पाहायला हवे होते. गप्पांच्या कार्यक्रमात प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती सूत्रे असतात. तिथे मराठवाडी वळणाने बोलणारा माणूस यजमान होता आणि प्रमाण मराठी बोलणारे नामवंत त्याला उत्तरे देत होते. दूरचित्रवाणीवर बोलीची खुर्ची एवढ्यापुरती तरी बदललेली होती.

इथे आमचा मुद्दा येतो. बोलीतला विनोद आणि बोलीवरचा विनोद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. हशा ओसरल्यावर शहाणा कोण ठरतो? 'कायद्याचं बोला'त बोली बोलणारा शहाणा ठरतो. लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये तर एकच नट बावन्न पात्रे उभी करतो. मराठवाड्यातल्या खेड्याचे वऱ्हाड लग्नासाठी विमानाने लंडनला निघते, त्यात फजिती खेड्याचीही होते. पण लंडनकडे पाहणारी नजर खेड्याची आहे. विमान, साहेब, शिष्टाचार हे सगळे त्या नजरेतून विचित्र दिसते. हसणारा प्रेक्षक वऱ्हाडात सामील असतो, वऱ्हाडाबाहेर उभा राहून हसत नाही. देशपांडे सर २००९ साली गेले. त्यानंतर संदीप पाठक यांनी तोच प्रयोग पुन्हा उभा केला, तेव्हाही तो चालला. कारण ती नजर संहितेतच आहे.

आता याच कसोटीवर रोजची दूरचित्रवाणी लावून पाहा. २०१० पासूनचे 'फू बाई फू', २०१४ ते २०२४ या दशकभरातले 'चला हवा येऊ द्या', २०१८ पासूनची 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या कार्यक्रमांनी उत्तम नट घडवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या धाटणीच्या प्रहसनांत बोलीला किती वेळा फक्त प्रवेशापुरते बोलावले जाते! पात्र आत येते, एक वाक्य लांबवून बोलते आणि विनोद घडण्यापूर्वीच हशा येतो. हा हशा शब्दाला नसतो, शब्दाच्या मुलखाला असतो. दैनंदिन मालिकांतही घरच्या मालकिणीची भाषा एक आणि घरकामाला येणाऱ्या बाईची दुसरी, ही वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती खटकतही नाही. अपवाद आहेत. 'तुझ्यात जीव रंगला'ने २०१६ साली कोल्हापूरकडच्या बोलीला नायकपद दिले, 'लागिरं झालं जी'ने २०१७ साली साताऱ्याकडच्या. 'सैराट'ने २०१६ साली दाखवून दिले की करमाळ्याकडची बोली प्रेमही पेलते आणि मरणही पेलते. मराठवाड्याच्या वाट्याला मात्र बहुधा विनोदाचीच खुर्ची आली.

ही खुर्ची अनासपुरे यांनी बनवली काय? त्यांनी ती पटकावली, एवढेच. दुसरी रिकामी नव्हती. तिची लाकडे फार आधी कापली गेली होती. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि शाळेच्या वरच्या वर्गांतही मराठीला जागा नव्हती. पुण्या-मुंबईकडे प्रमाण मराठी व्याकरणात, वर्तमानपत्रांत, रंगभूमीवर घडत होती तेव्हा आमच्या पूर्वजांची मराठी घरात, शेतात आणि कीर्तनात होती. पुढे १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आलो, तेव्हा ती प्रमाणभाषा आमच्याकडे तयार होऊन आली. तिच्यासोबत आली ती शरम. आणि ही शरम गावोगाव पोहोचवण्याचे काम दूरचित्रवाणीने नव्हे, आमच्यासारख्या शिक्षकांनी केले. 'करायलो' लिहिले की लाल शाई, 'हाय' म्हटले की छडी. दूरचित्रवाणीने या शरमेवर फक्त जाहिराती लावल्या.

काही सहकारी म्हणतील, प्रमाणभाषा यायलाच हवी, नाही तर मुलांना नोकऱ्या कोण देणार? हे आम्हांला पूर्ण मान्य आहे. आम्ही हा लेखही प्रमाण मराठीतच लिहीत आहोत. पण प्रमाणभाषा शिकवण्यासाठी बोलीची लाज शिकवावी लागते, हे कुणी सिद्ध केले? रा. रं. बोराडे यांनी १९७१ साली 'पाचोळा' लिहिली. एका शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, आरंभापासून अखेरपर्यंत मराठवाडी बोलीत, एका घराची वाताहत त्यांनी सांगितली. ती वाचताना कुणाला हसू आले आहे काय? २०२५ साली बोराडे सर गेले तेव्हा आम्ही सगळ्यांनी श्रद्धांजलीपर भाषणे केली. प्रमाण मराठीत.

२०१५ च्या दुष्काळात अनासपुरे यांनी नाना पाटेकर यांच्यासोबत 'नाम फाउंडेशन' उभे केले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्या बायका समोर बसल्या होत्या आणि हा माणूस आपल्याच आवाजात त्यांच्याशी बोलत होता. तोच कंठ, तीच हेल काढण्याची लकब. एरवी त्या आवाजाची पहिली लकेर ऐकूनच हसणाऱ्या प्रेक्षकाला तेव्हा हसू आले नाही. याचा अर्थ विनोद त्या बोलीत उपजत नव्हता. आम्ही तिला ज्या जागी बसवले होते, त्या जागेत तो होता.

आणि आता आमच्या अभ्यासक्रमाचा दांभिकपणा. एकनाथांची भारुडे आम्ही आदराने शिकवतो. सोळाव्या शतकात पैठणच्या एका पंडिताने आंधळा, बहिरा, मुका, जोशी, वासुदेव, गोंधळी अशी सोंगे घेतली, त्या त्या माणसाच्या वळणाने बोलला आणि हसवता हसवता उपदेश केला. यावर प्रबंध लिहिले जातात. त्याच गोदाकाठच्या बोलीत, तशीच सोंगे घेऊन, तसाच समोरच्या समाजाला हसवणारा नट मात्र आमच्या लेखी करमणुकीचा विषय. चारशे वर्षे जुना असेल तर तो संतसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत, हयात असेल तर रात्री साडेनऊला जेवणाच्या ताटासमोर. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. भाषेच्या प्राचीनत्वाचे दाखले देताना 'गाथासप्तशती'चे आणि सातवाहनांच्या प्रतिष्ठानाचे, म्हणजे पैठणचे नाव छाती फुगवून घेतले. त्याच पैठण तालुक्यातला मुलगा आमच्यासमोर तोंड उघडायला घाबरत होता. अभिजातपणाचा पुरावा म्हणून गाव चालते, त्या गावाचा जिवंत आवाज चालत नाही.

अनासपुरे यांच्यावर टीका करू नये, असे आम्ही म्हणत नाही. साच्यात अडकण्याचा दोष त्यांनाही चुकलेला नाही. काही चित्रपटांत बोली हा अभिनयाला पर्याय झालेला दिसतो आणि तिथे ते आपल्याच कसोटीला उतरत नाहीत. पण ही टीका करण्यासाठी आधी त्यांचे काम अभ्यासाचा विषय मानावे लागेल. प्रयोग पाहावे लागतील, संहिता वाचाव्या लागतील, उच्चाराची नोंद घ्यावी लागेल. नाक मुरडणे ही समीक्षा नव्हे आणि 'आमच्या मातीतला कलावंत' म्हणून शाल पांघरणे हीही नव्हे.

आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. लोकसाहित्याच्या आणि नाटकाच्या अभ्यासपत्रिकेत भारुडापासून 'वऱ्हाड'पर्यंत आणि तिथून दूरचित्रवाणीच्या प्रहसनापर्यंत एकपात्री आणि बोलीतल्या विनोदाचे स्वतंत्र प्रकरण असावे. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याने स्वतःच्या बोलीत उत्तर दिले तर भाषेपायी गुण कापू नयेत. आशयाचे गुण आशयाला द्यावेत. लेखी परीक्षेत प्रमाणभाषा खुशाल तपासा. आणि तिसरी मागणी आमची आमच्याकडेच आहे. यापुढे आमच्यासमोर कुणी 'बोलायलो' म्हणाले तर आम्ही त्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबू. हसायचेच असेल, तर त्याने सांगितलेला विनोद कळल्यावर हसू.

त्या मुलाला आम्ही त्या दिवशी उत्तीर्ण केले. दयेपोटी केले, हे त्यालाही कळले असणार. भारुडांविषयी त्याला खरोखर काय सांगायचे होते, ते आम्ही ऐकलेच नाही.