फावला वेळ आणि शतपावली

मधुमेहाच्या रुग्णाला ‘रोज चालता का?’ असे विचारले की ठरलेले उत्तर येते, ‘डॉक्टरसाहेब, वेळच मिळत नाही.’ नोकरदार हेच सांगतो, दुकानदार हेच सांगतो. नवल असे की निवृत्त झालेले गृहस्थही हेच सांगतात! तीस वर्षे घड्याळाच्या काट्यावर शाळा गाठणारे गुरुजी निवृत्तीनंतर वर्षभरातच सकाळचा चहा नऊला, आंघोळ अकराला आणि जेवण अडीचला, अशा अवस्थेला येतात. दिवस सगळा मोकळा, पण चालायला सवड नाही. वजन वाढलेले असते आणि गोळ्या त्याच असून साखर चढलेली असते. असे रुग्ण दवाखान्यात नेहमी दिसतात.

फावला वेळ सुटा राहिला की तो कुठे जातो हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? पूर्वी तो पारावर आणि दूरदर्शनसमोर जात असे, आता मोबाईलमध्ये जातो. ‘पाच मिनिटे बघतो’ म्हणून उघडलेला फोन पाऊण तासाने खाली ठेवला जातो. उद्यापासून पहाटे पाचला उठून तासभर फिरायचे, असा संकल्प अनेकजण सोडतात. नवे बूट येतात आणि थंडी वाढली की खाटेखाली जातात. माझे स्पष्ट मत आहे की असा नवा तास शोधत बसू नये. जे काम आपण न चुकता करतोच, त्याच्या पाठीला नवे काम बांधून टाकावे. जेवायला कोणी विसरत नाही, तेव्हा चालणे जेवणालाच जोडावे.

आपल्या भाषेत यासाठी शतपावली हा शब्द केव्हाचा आहे. शब्द राहिला, पावले गेली. आता हात धुतले की माणूस थेट सोफ्यावर. वास्तविक जेवणानंतर रक्तातली साखर वाढू लागते आणि साधारण तास-दीड तासात सर्वांत वर जाते. त्याच वेळी पायाचे स्नायू कामाला लागले तर ते ही साखर इंधन म्हणून वापरतात. विशेष म्हणजे काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहताही साखर आत ओढून घेऊ शकतो. ज्याच्या शरीरात इन्शुलिन नीट काम करत नाही, त्याला याहून स्वस्त औषध कोणते?

न्यूझीलंडमध्ये मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांना काही दिवस रोज सोयीच्या वेळी एकदाच ३० मिनिटे चालायला सांगितले आणि काही दिवस तिन्ही जेवणांनंतर १० - १० मिनिटे. चालणे तेवढेच, पण जेवणानंतर चालले तेव्हा जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. सर्वांत जास्त फरक पडला तो रात्रीच्या जेवणानंतर. आपल्याकडेही रात्रीचेच जेवण भरपेट आणि उशिरा असते.

मात्र शंभर पावले मोजून थांबू नका, ती जेमतेम एका मिनिटात संपतात. दहा मिनिटांत हजाराच्या आसपास पावले झाली पाहिजेत. नाश्ता, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण मिळून आठवड्याला २१० मिनिटे होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. तो सलग दहा मिनिटे तरी असावा ही जुनी अटही तिने २०२० साली काढून टाकली. दुकानदाराने दुपारी गल्ल्यावर मुलाला बसवून एक फेरी मारली तरी ती हिशेबात धरली जाते.

आता एक अप्रिय गोष्ट. जेवणानंतर पुरुषमाणसे शतपावलीला निघतात तेव्हा घरातली बाई काय करत असते? खरकटी काढत असते, ओटा पुसत असते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. मधुमेह काही पुरुष पाहून येत नाही. ‘तुम्ही चालत जा’ एवढे बाईला सांगून डॉक्टरचे काम संपत नाही. सोबत आलेल्या नवऱ्याला मी सांगतो की रात्रीची भांडी तुम्ही आणि मुलांनी आवरा, त्यांना दहा मिनिटे बाहेर जाऊ द्या. काहीजण हसतात. मी चेष्टा करत नसतो.

सवय लागायला वेळ लागेल. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला बरेच कमी तर कुणाला बरेच जास्त. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, तेव्हा लग्नकार्यात चार दिवस खाडा पडला म्हणून सोडून देऊ नका.

चालताना छातीत दडपण किंवा धाप जाणवली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. आणि मधुमेह्यांनी अंगणात, गच्चीवरसुद्धा अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झाली असेल तर टोचलेला खडा कळतही नाही आणि जखम महिनोन् महिने भरत नाही.