मिसळणाचा डबा कोणी हलवला?

नवीन ऑपरेटिंग सिस्टिम आली की दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, रात्री बारा वाजता डाउनलोड लावून जागत बसणारी. दुसरी, 'रिमाइंड मी लेटर' या बटणावर महिनोन् महिने क्लिक करत राहणारी. आयटीतला माणूस पहिल्या गटातच असणार असं सगळे गृहीत धरतात. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि ठामपणे दुसऱ्या गटात आहे. आळस हे त्याचं कारण नाही (म्हणजे, एकमेव कारण नाही). या गटाची बाजू कोणी नीट मांडतच नाही. "तुम्हाला बदल नको असतो" असं म्हणून विषय संपवतात. तर या शनिवारी वकीलपत्र आमच्याकडे. चहा घेऊन बसा.

उदाहरण ताजं घेऊ. विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ला. विंडोज ९५ पासून जो टास्कबार माउसने ओढून पडद्याच्या चारपैकी कुठल्याही बाजूला नेता यायचा, तो नव्या आवृत्तीत तळाला खिळवून टाकला. स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यातून उचलून मध्ये आणलं. फाइलवर राइट-क्लिक केलं की जो मेनू यायचा, त्यातले कट, कॉपी, रिनेम, डिलीट हे शब्द जाऊन त्यांच्या जागी बिननावाची चित्रं आली, आणि जुना मेनू 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागे जाऊन बसला. फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रॅमवर सोडायची सोय गायब झाली. ती २०२२ मध्ये परत आली. उघडलेल्या खिडक्या नावासकट वेगवेगळ्या दाखवायची सोय २०२३ मध्ये परत आली. बिननावाच्या चित्रांखाली नावं आली २०२४ मध्ये. म्हणजे तीन वर्षं घालवून बऱ्याच बाबतीत आपण होतो तिथेच आलो. आणि दरवेळी 'नवीन सुविधा' म्हणून!

त्या स्टार्ट बटणाबद्दल जरा बोलू द्या, कारण तिथे माझं डोकं खरंच फिरतं. पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक नियम मांडला: एखाद्या ठिकाणी बोट किंवा हात नेऊन टेकवायला लागणारा वेळ त्या ठिकाणाच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो. पडद्याचा कोपरा हे या नियमाचं लाडकं उदाहरण आहे. माउसचा बाण कितीही जोरात ढकला, तो कोपऱ्यातच अडकणार. नेम धरावा लागत नाही, बघावंसुद्धा लागत नाही. याउलट मध्यभागी ठेवलेलं बटण नेम धरूनच दाबावं लागतं. त्यातून गंमत अशी की तुम्ही जितके जास्त प्रोग्रॅम उघडाल तितकं ते बटण डावीकडे सरकत जातं, कारण सगळी रांगच मध्यभागी धरलेली आहे. सकाळी एका जागी, दुपारी दुसऱ्या. सेटिंग्जमध्ये जाऊन ते पुन्हा डावीकडे नेता येतं, मान्य. पण ते शोधायचं कोणी?

"होईल सवय आठवड्यात" असं सांगणाऱ्यांनी एक प्रयोग करून बघावा. घरात जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिचा मिसळणाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवा, हळद आणि मोहरीच्या वाट्यांची अदलाबदल करा आणि सांगा, "आता ओटा किती मोकळा वाटतोय बघ!" ओटा मोकळा दिसेलच. पण फोडणी जळेल. तेल तापल्यावर मोहरी कुठे आहे याचा विचार करायला कोणाला वेळ असतो? तो विचार हाताने केव्हाच करून ठेवलेला असतो.

आपलं कॉम्प्युटरचं ज्ञानही असंच, बरंचसं हातात आणि जागेत साठवलेलं असतं. विशेषतः जे वयाच्या पन्नाशीत शिकले त्यांचं. माझ्या एका मावशीकडे दोनशे पानी वही आहे. त्यात तिच्या सुवाच्य अक्षरात लिहिलंय: "खाली डावीकडे गोल. मग उजव्या हाताला तिसरं. पिवळं पाकीट दिसेल, दोनदा टिचकी." फाइल, फोल्डर, विंडो यातला एकही शब्द त्या पानावर नाही, तरीही त्या वहीच्या जोरावर ती सोसायटीचा जमाखर्च ठेवते, मुलीला फोटो पाठवते, विजेचं बिल भरते. वहीत काही पानांवर आडवी रेघ मारून बाजूला 'आता असं नाही' असं लिहिलेलं आहे. अशी दोन पिढ्यांची पानं मी मोजली. तिला कोणी विचारलं नव्हतं. आणि माझ्या मते प्रश्न सवयीचा नाहीच. स्वतःचं काम स्वतः करणारी बाई त्या एका सकाळपासून पुन्हा "अरे, जरा येतोस का?" म्हणायला लागते, प्रश्न तो आहे. याची किंमत कुठल्याही कंपनीच्या ताळेबंदात येत नाही.

आता कोणी म्हणेल, बदल करताना जुन्याचा विचार करणं या लोकांना जमतच नसेल. जमतं हो! भन्नाट जमतं. विंडोज ९५ बनत होतं तेव्हाची गोष्ट आहे, जोएल स्पोल्स्कीने २००४ मध्ये आपल्या लेखात सांगितलेली. सिमसिटी नावाच्या खेळात एक बग होता: वापरून परत केलेली मेमरी तो लगेच पुन्हा वाचायचा. जुन्या सिस्टिमवर हे खपून जायचं, विंडोज ९५ वर तो खेळ आडवा पडायचा. चूक खेळाची, विंडोजची नव्हे. तरीही विंडोजच्या लोकांनी सिस्टिममध्ये खास कोड घातला: सिमसिटी चालू असेल तर मेमरी लगेच परत घेऊ नकोस. का? तर गिऱ्हाइकाने नवं विंडोज आणलं आणि त्याचा आवडता खेळ बंद पडला, तर तो विंडोजलाच शिव्या घालणार.

लिनक्सवालेही या बाबतीत कडवे. कर्नल बदलताना त्यावर चालणारे प्रोग्रॅम मोडायचे नाहीत, हा लिनस टोरवाल्ड्सचा जगजाहीर दंडक आहे.

म्हणजे प्रोग्रॅमचा शब्द पाळायचा, त्याच्या चुकांसकट. आणि माणसाच्या हाताशी केलेला करार? तो कोणी करार मानतच नाही. वीस वर्षं एका कोपऱ्यात जाणारा हात हीदेखील सुसंगती सांभाळण्याचीच गोष्ट आहे, फक्त तो हात एरर मेसेज देत नाही.

आता समोरच्या पक्षाचा सगळ्यात जड मुद्दा: सुरक्षितता. हा खराच जड आहे, त्याला हसण्यावारी नेता येणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्या भोकावरचं ठिगळ मार्चमध्येच निघालेलं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं ते सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्यामुळे कोलमडलं. (यातला विनोद असा की नॉटपेट्या पसरायला सुरुवात झाली ती युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. पण ते असो.) तेव्हा ठिगळं लावायलाच हवीत, आणि वेळेवर. त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो गाठोड्याबद्दल. घराला नवीन कुलूप बसवून घ्यायचं असेल तर सुतार म्हणतो, कुलूप देतो, पण सोबत स्वयंपाकघर हॉलमध्ये हलवावं लागेल. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी त्यापुढे फक्त एका वर्षाची जादा मुदत ठेवली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर काही अपवाद सोडता आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. म्हणजे २०१६ मध्ये घेतलेला, अजून ठणठणीत चालणारा डेस्कटॉप कागदोपत्री म्हातारा ठरला.

आणि हे तंत्रज्ञानाने अटळ आहे म्हणावं, तर तेही नाही. त्याच विंडोज १० ची एलटीएससी नावाची आवृत्ती मोठ्या संस्थांना विकली जाते. तिच्यात दर वर्षी नवे साज चढवत नाहीत, फक्त ठिगळं येत राहतात. २०१९ च्या एलटीएससीला ही ठिगळं द्यायची मुदत जानेवारी २०२९ पर्यंतची आहे. कारखान्यातल्या यंत्राची जागा हलवू नये, हे कळतं. मावशीची हलवली तर चालते.

उलट बाजूचं एक उदाहरण द्यायला हवं. २०११ मध्ये ॲपलने मॅकवर स्क्रोलची दिशाच उलटी केली, फोनसारखी. लोक वैतागले. पण सेटिंग्जमध्ये एक चौकोन होता: टिक काढा, दिशा पूर्ववत. विषय संपला. त्याच वर्षी लिनक्सच्या जगात नोम ३ आलं आणि जुना डेस्कटॉप सरसकट बदलला. तिथे लोक इतके चिडले की काहींनी जुन्या नोम २ चा कोड उचलून 'माटे' नावाने वेगळं घर थाटलं. खुद्द टोरवाल्ड्सही जाहीरपणे कुरकुर करून एक्सएफसीईकडे गेला. प्रत्येक जुना पर्याय जिवंत ठेवायचा म्हणजे टेस्टिंगचे खेळ दुप्पट होतात, हे मला व्यवसायामुळे माहीत आहे. तरी एका चौकोनाचा खर्च सोसायला हरकत नसावी.

अपग्रेड म्हणजे नुसता ताप, असंही मी म्हणत नाही. मराठी माणसाने तर मुळीच म्हणू नये. एक्सपीवर मराठी नीट दिसायची तर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक टिक करावी लागायची आणि विंडोजची सीडी शोधावी लागायची. तोवर जोडाक्षरं तुटलेली आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला लटकलेली. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून ही कटकट संपली. २०१९ च्या एका अपडेटमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आला. पण इथेही डबा हलवलाच. विंडोज १० मध्ये मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट वेगळ्या ऐच्छिक पुडक्यात टाकले. मशीनवर मराठी किंवा हिंदी भाषा जोडलेली नसेल तर मंगलमध्ये केलेली जुनी फाइल दुसऱ्याच फॉन्टमध्ये उघडते आणि ओळी-पानं पुढेमागे होतात. उपाय सोपा आहे: सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन देवनागरीचे जादा फॉन्ट घ्यायचे.

आई-बाबांचं मशीन बदलणार असाल तर एवढं करा. आधी जुन्या डेस्कटॉपचा मोबाइलने फोटो काढा. नव्यावर स्टार्ट डावीकडे न्या, आयकॉन फोटोतल्या जागी लावा, फॉन्ट घाला. मग त्यांच्या शेजारी बसा आणि माउस त्यांच्याच हातात राहू द्या. आणि इन्कम टॅक्स रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात यातलं काहीही करू नका.