‘अपघात’ ह्या शब्दाविषयी

२०१० सालच्या ऑगस्टच्या ७ तारखेस सकाळी मुंबई बंदराच्या मुखाशी दोन जहाजांची टक्कर झाली. ‘एमएससी चित्रा’ हे न्हावा-शेव्याच्या बंदरातून बाहेर पडत होते, ‘खलीजिया-३’ हे आत येत होते. चित्रा कलंडले, त्यावरील शेकडो कंटेनर समुद्रात घसरले, आणि त्यांत कीटकनाशकांनी भरलेलेही काही होते. इंधनाच्या टाक्या फुटून सुमारे ८०० टन तेल पाण्यावर पसरले. दोन्ही बंदरांतील वाहतूक कित्येक दिवस थांबली. आषाढ संपावयास दोन-तीन दिवस उरले होते. ज्या नारळी पौर्णिमेस सागरास नारळ अर्पून कोळीबांधव नव्या हंगामास आरंभ करतात, ती सतरा दिवसांवर आली होती. पावसाळाभर नांगरून ठेवलेल्या होड्या डागडुजी करून ज्यांनी सज्ज केल्या, त्यांच्यासमोर घारापुरीपासून अलिबागेपर्यंतच्या किनाऱ्यास काळी किनार लागली.

दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी ह्या घटनेस ‘अपघात’ म्हटले. त्यानंतर झालेल्या अशा प्रत्येक घटनेस त्यांनी हेच नाव दिले आहे, आणि आमचे भांडण ह्या नावाशी आहे. वस्तुतः आपल्या भाषेने ह्या शब्दात एक इशारा ठेवलेला आहे. घात आपोआप होत नाही. कोणीतरी कोणाचा तरी घात करतो, असेच आपण म्हणतो. परंतु त्या शब्दाच्या डोक्यावर ‘अप’ हा उपसर्ग चढला, की कर्ता अदृश्य होतो आणि मागे उरते ते केवळ दैव. व्याकरणातील ही किमया जहाजांच्या मालकांस फार सोयीची आहे.

आमचे एक सुविद्य स्नेही ह्यावर हसले. ते म्हणाले, “अहो, समुद्र आहे, वारा आहे, माणसाच्या हातून चूक होणारच. आणि समुद्र केवढा अफाट! आठशे टन तेल त्याला काय? तो सारे पचवितो.” हे मत एकट्या त्यांचे असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. सुशिक्षित घरांतून ते इतके सहज ऐकू येते, की त्याच्या दोन्ही भागांचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम पचनाचा विचार करू. समुद्र तेल पचवितो, हे खरे आहे. तेलावर जगणारे सूक्ष्म जंतू त्यात आहेतच. परंतु ते कोणत्या क्रमाने आणि किती काळात पचते, हे आमच्या स्नेह्यांनी पाहिलेले नाही. सांडलेल्या तेलाचा हलका अंश पहिल्या काही दिवसांत हवेत उडून जातो. जे उरते त्यात लाटांच्या घुसळणीने पाणी मिसळते आणि तपकिरी, चिकट लोण्यासारखा गोळा बनतो. त्याचे आकारमान मूळ तेलाच्या तिप्पट-चौपट होऊ शकते. जहाजाच्या इंजिनात जळणारे जड भट्टीतेल तर मुळातच शुद्धीकरणाचा गाळ. त्याचा उडून जाणारा भाग थोडा, चिकटणारा फार. भरतीबरोबर हे द्रव्य खाडीत शिरते आणि तिवरांच्या रानात येऊन थांबते. तिवराचे झाड चिखलातून वर काढलेल्या मुळ्यांच्या बारीक छिद्रांनी श्वास घेते. ती छिद्रे बुजली, की झाड उभ्या उभ्या गुदमरते. त्याच चिखलात खेकडा आहे, निवटी आहे, कालवे आहेत, आणि ओहोटीला कंबर वाकवून ती कालवे काढणारी कोळीवाड्यातील स्त्री आहे. पाण्यात विरघळलेला तेलाचा विषारी अंश डोळ्यांस दिसतही नाही, परंतु तो माशांच्या अंड्यांतील गर्भाच्या हृदयाची वाढ बिघडवितो, असे अमेरिकेत झालेल्या संशोधनातून सिद्ध झाले आहे. पक्ष्याच्या पिसांना तेल लागले म्हणजे त्याच्या अंगात पाणी आणि थंडी शिरते. तो चोचीने पिसे साफ करू लागतो आणि ते विष गिळतो. अलास्कात १९८९ साली ‘एक्झॉन व्हाल्डीझ’ फुटून सुमारे ३७,००० टन तेल सांडले. त्यातील काही तेल पंचवीस वर्षांनंतरही तेथल्या किनाऱ्यांच्या रेतीगोट्यांखाली ओलेच सापडत होते. पचन ते हेच!

आता चुकीचा आणि दैवाचा विचार. ह्यासाठी वाचकांस आम्ही थोडे दूर, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी नेऊ इच्छितो. कारण तेलसांडीचा आधुनिक इतिहास तेथूनच सुरू होतो, आणि त्या एका प्रकरणात सगळी पात्रे मुखवट्यांवाचून उभी आहेत.

१८ मार्च १९६७ रोजी ‘टोरी कॅनियन’ हे जहाज सुमारे १,१९,००० टन कुवेती तेल घेऊन सेव्हन स्टोन्स नावाच्या खडकांवर आदळले. वादळ नव्हते. खडक नकाशावर होते. मिलफर्ड हेवन बंदरातील भरती चुकली तर पुढच्या योग्य भरतीसाठी बरेच दिवस वाट पाहावी लागणार होती, म्हणून कप्तानाने जवळची वाट धरली. कप्तानाची चूक होती, ह्यात संशय नाही, आणि जगाने त्याला यथेच्छ दोषही दिला. परंतु ते जहाज कोणाचे होते, हे शोधू गेल्यास काय हाती लागते? जहाज बांधले अमेरिकेत. मागाहून जपानात त्याचे पोट कापून ते जवळजवळ दुप्पट माल वाहील असे वाढविले. निशाण लायबेरियाचे, मालक म्हणून नोंदलेली कंपनी बर्म्युडाच्या पत्त्यावर, खलाशी इटलीचे, आणि माल ब्रिटिश पेट्रोलियमचा. इतक्या मुलखांत वाटल्या गेलेल्या वस्तूचा जाब कोणास विचारावयाचा?

ब्रिटिश सरकारने प्रथम समुद्रावर सुमारे दहा हजार टन रासायनिक धावण ओतले, आणि त्यातील पुष्कळसे तेल वाहणाऱ्याच कंपनीने बनविलेले होते. नंतर विमानांतून बॉम्ब टाकून जहाजातील उरलेले तेल पेटविले. त्या धावणाने काय केले, हे समुद्रजीवशास्त्रज्ञांनी पुढे वर्षानुवर्षे मोजले. ज्या खडकांवर नुसते तेल लागले होते, तेथील जीवसृष्टी दोन-तीन वर्षांत सावरली. जेथे धावणाचा मारा झाला, तेथे नऊ-दहा वर्षे लागली. रोगापेक्षा औषध भयंकर, ही म्हण इतकी शब्दशः खरी ठरलेली आम्ही दुसरीकडे पाहिलेली नाही.

मग भरपाईचा प्रश्न आला. मालकाची जबाबदारी जहाजाच्या आपत्तीनंतर उरलेल्या मालमत्तेपुरतीच मर्यादित, असा अमेरिकेतील जुना कायदा; आणि टोरी कॅनियनचे काय उरले होते? एक जीवरक्षक होडी. तिची किंमत पन्नास डॉलर. कॉर्नवॉलपासून ब्रिटनीपर्यंतच्या दोन राष्ट्रांच्या किनाऱ्यांचे मोल पन्नास डॉलर, असे म्हणणे न्यायालयात गंभीर मुद्रेने मांडण्यात आले! ब्रिटिश सरकार ह्यावर स्वस्थ बसले नाही. त्याच मालकाचे ‘लेक पालूर्द’ हे दुसरे जहाज त्या वर्षीच्या जुलैत सिंगापुरास लागले, तेव्हा एका वकिलाने वर चढून त्याच्या डोलकाठीस समन्स चिकटविले. खलाशांनी त्याला व्हिस्कीचा विक्रेता समजून वर येऊ दिले, असे सांगतात. १९६९ साली मालकांच्या बाजूने ३० लक्ष पौंड भरण्यात आले आणि ते इंग्लंड व फ्रान्स ह्यांनी वाटून घेतले. पन्नास डॉलरांपासून तीस लक्ष पौंडांपर्यंतचे हे अंतर एका कागदाने तोडले. समुद्र तोच होता, कप्तानही तोच होता. जाब विचारणारा तेवढा नवा होता.

आणि येथे आमच्या मुद्द्याचा मर्मभाग येतो. त्याच १९६९ साली तेलवाहू जहाजांच्या मालकांवर दिवाणी जबाबदारी घालणारा आंतरराष्ट्रीय करार ब्रुसेल्स येथे झाला. १९७३ साली ‘मारपोल’ करार झाला. एक्झॉन व्हाल्डीझनंतर अमेरिकेने १९९० साली कायदा करून नव्या तेलवाहू जहाजांस दुहेरी कवच सक्तीचे केले, आणि पुढे जगानेही ते स्वीकारले. परिणाम काय झाला? १९७०च्या दशकात तेलवाहू जहाजांतून ७०० टनांहून अधिक तेल सांडल्याच्या घटना वर्षाला सरासरी चोवीस-पंचवीस होत असत. २०१०च्या दशकात ती सरासरी दोनाच्याही खाली आली. ह्या अवधीत समुद्रमार्गे होणारी तेलाची वाहतूक घटली नाही, वाढली. आम्ही स्नेह्यांस विचारतो, वारे मंदावले की काय? माणसे चुका करीनाशी झाली? दैवाने ब्रुसेल्सचा करार वाचला? जे दैवाधीन असते ते कायद्याने एवढे कमी होत नसते.

आमच्या किनाऱ्याचे दुर्दैव असे, की ही शिस्त जेवढी तेलवाहू जहाजांस लागली तेवढी कोळसा, धान्य, कंटेनर वाहणाऱ्या जुन्या जहाजांस लागली नाही. आणि इंधनाचे तेल तर त्यांच्याही पोटात शेकडो टन असते. चित्रा तेलवाहू नव्हते. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी, मुंबईपासून सुमारे वीस सागरी मैलांवर बुडालेले ‘रॅक’ही तेलवाहू नव्हते, त्यात साठ हजार टन कोळसा होता, शिवाय २९० टन इंधनतेल आणि ५० टन डिझेल. निशाण पनामाचे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली ह्या प्रकरणी जहाजाच्या मालकांवर १०० कोटी रुपयांची भरपाई बसविली. जहाज प्रवासास योग्य स्थितीत नव्हते आणि मालकांनी हयगय केली, हे त्या निकालाचे सार. म्हणजे न्यायाधिकरणानेही तेथे दैव पाहिले नाही. त्याच सुमारास ‘पवित’ नावाचे पनामाच्याच निशाणाचे एक जहाज ओमानकडील समुद्रात खलाशांनी सोडून दिल्यावर महिनाभर वाहत वाहत ३१ जुलै २०११ रोजी जुहूच्या वाळूत येऊन रुतले. २००८च्या नोव्हेंबरात समुद्रमार्गे आलेल्या मारेकऱ्यांचा अनुभव घेतलेल्या शहराच्या दारी हजार टनांचे निर्मनुष्य जहाज येऊन बसेपर्यंत कोणास त्याचा पत्ता नसावा, ह्याचे नवल करावे तेवढे थोडेच. २०२५ सालच्या २५ मे रोजी कोचीजवळ बुडालेले ‘एमएससी एल्सा-३’ अठ्ठावीस वर्षांचे होते आणि त्याचे निशाण लायबेरियाचे होते. टोरी कॅनियनचेही तेच होते, हे वाचकांच्या ध्यानात असेलच.

गोमंतकाच्या किनाऱ्यावर तर जहाज बुडण्याचीही आवश्यकता उरलेली नाही. दरवर्षी मे महिन्यापासून, नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की, तेथील वाळूवर डांबराचे गोळे येऊन पडतात. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्यांच्या रासायनिक खुणा तपासून काही गोळ्यांचा माग बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राकडे, तर काहींचा जहाजांनी टाक्या धुऊन फेकलेल्या पाण्याकडे लावला आहे. टाकी धुणे हा तर कोणत्याही कोशात अपघात होऊ शकत नाही. तरीही तेथल्या हॉटेलांचे नोकर पहाटे झाडू घेऊन ती वाळू झाडतात, आणि पाहुणे उठण्यापूर्वी पुरावा नाहीसा होतो.

आणि सांडल्यावर काढावयाचे कोणी? सुंदरबनात ९ डिसेंबर २०१४ रोजी शेला नदीत साडेतीन लक्ष लिटर भट्टीतेल सांडले, तेव्हा खेड्यांतील स्त्रिया व मुले स्वयंपाकाची भांडी घेऊन पाण्यात उतरली. सरकारी तेलकंपनीने ते तेल त्यांच्याकडून लिटरला तीस टका दराने विकत घेतले. मद्रासजवळ एन्नोर येथे २८ जानेवारी २०१७ च्या पहाटे दोन जहाजे आदळली. प्रदूषण झालेले नाही, असे बंदराकडून प्रथम सांगण्यात आले, आणि मग कित्येक दिवस विद्यार्थी व कोळी बादल्यांनी ते न झालेले प्रदूषण उपसत होते.

एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो टाळणे आम्हांस शोभणार नाही. तुम्हीही मोटारीत बसता, तुमच्या घरी येणारी वस्तूही ह्याच जहाजांतून येते, मग तक्रार कसली? आक्षेप खरा आहे. एवढेच नव्हे, गावोगावच्या गॅरेजांतून गटारात सोडलेले काळे तेलही शेवटी खाडीतच जाते, आणि ते सोडणारे आपणच आहोत. परंतु जो दूध पितो त्याने गवळ्याच्या भेसळीविषयी बोलू नये, असा न्याय आम्ही कोठे ऐकलेला नाही. उलट स्वस्त भाड्याचा लाभ आपणांस मिळतो म्हणूनच, ते भाडे स्वस्त ठेवण्यासाठी वाचविलेला खर्च अलिबागेच्या कोळ्याने का भरावा, हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक येते.

वृत्तपत्रांकडे आमचे मागणे लहान आहे. पुढच्या वेळी अशी वार्ता छापताना पहिल्याच दिवशी जहाजाचे वय छापावे, निशाण कोणाचे ते छापावे, निशाणामागील खरा मालक कोण, माल कोणाचा, विमा कोणी उतरविला आणि आपल्या बंदराने त्याची शेवटची तपासणी कधी केली, हेही छापावे. ‘अपघात’ हा शब्द वापरावयाचाच असेल, तर ही उत्तरे मिळाल्यावर वापरावा. स्नेह्यांस आम्ही ही यादी वाचून दाखविली. मालकाचे नाव कळावयास सहा महिने लागतील, असे ते म्हणाले. आम्ही थांबावयास तयार आहोत.