आधी पाठ मोजा, मग सॅक घ्या



आमची नात गेल्या आषाढात पन्हाळगड ते पावनखिंड पायी गेली होती. वय पंधरा, वजन ४५ किलो आणि पाठीवर ६० लिटरची कोरी सॅक. दुसऱ्या दिवशी तिचे खांदे इतके भरून आले की ती वाटेतच बसली. बरोबरच्या मुलांनी तिचं सामान वाटून घेतलं, तेव्हा कुठे ती खिंडीपर्यंत पोहोचली. घरी आल्यावर म्हणाली, "आजी, मला ट्रेक जमत नाही. मी पुन्हा जाणार नाही."

तिला जमत नव्हतं असं नाही. चूक आमची होती, त्यात मोठा वाटा माझा. दुकानात मीच मुलाला म्हटलं होतं, "एकदाच घ्यायची तर मोठी घे. पुढे हिमालयात गेली तर उपयोगी पडेल." वाढत्या अंगाचा फ्रॉक शिवायची आपली सवय. पण फ्रॉकला आतून टीप मारता येते, सॅकला येत नाही.

मी बी.कॉम. झालेली बाई, पण साधा हिशेब मांडला नाही. पाठीवरचं ओझं एका दिवसाच्या ट्रेकला वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं आणि मुक्कामाच्या ट्रेकला फार तर पाचव्या हिश्श्याइतकं असावं, असं डोंगरात जाणारे सांगतात. म्हणजे नातीसाठी जास्तीत जास्त ९ किलो. त्यातले दोन किलो रिकाम्या सॅकचेच! दुकान उघडण्याआधीच भाडं सुरू. वर मी दशम्यांचे स्टीलचे डबे, लाडू, जादा कपडे, शाल असं सगळं कोंबलं. का? तर जागा होती म्हणून. आपण परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतो, कपाटातल्या साड्या मोजतो, पण प्रवासाची पिशवी भरताना ते विसरतो. मोठी पिशवी रिकामी राहत नाही.

म्हणून माझं मत असं, की सॅक सगळ्यात शेवटी घ्यावी. आधी सामानाची यादी करा, ते काट्यावर ठेवा आणि मग किती लिटरची लागेल ते बघा. एका दिवसाला २० ते २५ लिटर खूप झाली. जेवणाची आणि मुक्कामाची सोय असेल तर दोन दिवसांना ३० ते ३५ पुरतात. हिमालयाच्या वेळी मोठी सॅक भाड्यानेही मिळते.

लिटरपेक्षा महत्त्वाचं माप पाठीचं. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जो मणका वर येतो, तिथे शिवणकामाची टेप धरा. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवले की मागे अंगठ्यांची रेघ जुळते, तिथपर्यंत मोजा. नातीची पाठ भरली १६ इंच आणि सॅक होती उंच पुरुषाच्या मापाची. तिचा कमरेचा पट्टा हाडावर न बसता खाली घसरायचा आणि सगळा भार खांद्यांवर यायचा. खरं तर बराचसा भार कमरेनं पेलायचा असतो.

दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघू नका. आत पाच-सहा किलो वजन भरून घ्या, पट्टे आवळा आणि पंधरा मिनिटं चाला. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे. आणि हो, सॅक नायलॉनची असली तरी एखादा तुकडा चामड्याचा असतो, तेवढं विचारून घ्या.

पावसाळ्यात नुसत्या रेनकव्हरवर विसंबू नका. पाठीकडची बाजू उघडीच राहते आणि पाणी तिथून उतरतं. आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून त्यात कपडे भरा. जड वस्तू पाठीला चिकटून, मधोमध ठेवा.

ती ६० लिटरची सॅक आता माळ्यावर आहे. सवलतीत मिळाली म्हणून आम्ही खूश होतो, पण मुलीचा स्वतःवरचा विश्वास त्यात खर्ची पडला, तो कोणत्या खात्यात लिहायचा? मागच्या आठवड्यात तिच्या मापाची ३० लिटरची आणली. पाच किलो गव्हाचं पीठ भरून ती तीन मजले चढली-उतरली. खाली येऊन एवढंच म्हणाली, "आजी, या वर्षी लाडू दोनच दे."

आषाढात ती पुन्हा निघते आहे.