मनाची ढाल

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला कीं कांहीं ठराविक उद्गार आमच्या कानीं पडूं लागतात. "प्रश्नच अभ्यासक्रमाबाहेरचे होते!" "गुरुजींचा माझ्यावर राग आहे!" "गणिताचा पुढें उपयोग तरी काय?" अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी हें सारें जाणूनबुजून खोटें बोलत असतो काय? आमच्या मतें बहुधा नाहीं. जें दुःख सोसवत नाहीं त्याच्यापुढें मन एक ढाल धरतें, आणि ती धरल्याची वार्ता त्या बिचाऱ्यालाही नसते.

व्हिएन्नाचे डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांनीं १८९४ सालीं एका निबंधांत मनाच्या ह्या बचावाचा विचार मांडला. पुढें १९३६ सालीं त्यांची कन्या अ‍ॅना फ्रॉइड यांनीं एका स्वतंत्र ग्रंथांत त्याचे नाना प्रकार वर्णिले. परंतु आमच्या पूर्वजांनीं हे प्रकार फार पूर्वींच ओळखले होते, असें म्हणींवरून दिसतें. कोल्ह्याला द्राक्षें आंबट होतात. नाचतां न येणाऱ्याला अंगण वाकडें दिसतें. आणि कचेरींत बोलणीं खाऊन आलेले वडील घरीं मुलावर रागावतात, तेव्हां वड्याचें तेल वांग्यावर निघतें. आम्हां शिक्षकांचीही यांतून सुटका नाहीं. वर्गाचा निकाल वाईट लागला म्हणजे "यंदाचीं मुलेंच मठ्ठ" असें आम्हीही म्हणतों!

ढाल धरणें हें पाप नव्हे. घरांत मृत्यु घडला असतां "हें खरें नसेलच" असें मन क्षणभर म्हणतें, म्हणूनच तो आघात सोसतो. मनांतील संताप क्रीडांगणावर खर्ची घालणारा मुलगाही शहाणाच. परंतु ढाल डोळ्यांपुढें अखंड धरली तर वाट दिसत नाहीं. दोष प्रश्नपत्रिकेच्या माथीं मारला म्हणजे आपलें त्रैराशिक कच्चें आहे हें कोणालाच कळत नाहीं, आणि पुढील वर्षीं पाऊल तेथेंच अडखळतें.

मग ही ढाल खालीं कशी ठेववावी? पवित्र शास्त्रांत याचा उत्तम दाखला आहे. दावीद राजानें उरीयाची पत्नी हिरावून घेतली व त्याला रणांगणावर मारविलें, तरी तो स्वस्थ राहिला. नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला, पण त्यानें आरंभींच दोषारोप केला नाहीं. एका धनवानानें गरिबाची एकुलती एक मेंढी कशी हिरावली, एवढीच कथा त्यानें सांगितली. राजा त्या धनवानावर संतापला. आणि तो धनवान म्हणजे राजा स्वतःच, असें नाथानानें सांगतांच त्यानें आपलें पाप कबूल केलें.

पालकांस आमची नम्र विनंती आहे कीं, प्रगतिपुस्तक हातीं येतांच छडी उचलूं नये. जितके घाव अधिक, तितकी ढाल घट्ट धरली जाते. "कोणता भाग समजला नाहीं?" असें शांतपणें विचारावें. ज्या घरीं खरें बोलण्याचें भय नाहीं, त्या घरीं सबबींची गरजही उरत नाहीं.

आणि विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळीं "परंतु" हा शब्द ओठांवर येईल तेव्हां क्षणभर थांबा. आपण कारण सांगत आहों कीं ढाल धरीत आहों, हें स्वतःस विचारा. उत्तर कडू लागेल. पण अभ्यासाचा खरा आरंभ तेथूनच होतो.