फ्रेजल व्हर्ब्सची यादी पाठ करून घेऊ नका



इंग्रजीच्या बहुतेक गाईडमध्ये एक यादी हमखास असते. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, ‘लुक आफ्टर’ म्हणजे काळजी घेणे, ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे. परीक्षा जवळ आली की रोज दहा या हिशोबाने ती पाठ करून घेतली जाते. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरून जातात. ही यादी पाठ करून घेणं आपण थांबवलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. फ्रेजल व्हर्ब शिकवूच नका असं मी म्हणत नाही. उलट जास्त शिकवा, पण वेगळ्या वाटेने.

नेमकी अडचण कुठे आहे?

‘एक्स्टिंग्विश’ असा जड शब्द आला की मूल थांबतं, शब्दकोश उघडतं, नाहीतर बाईंना विचारतं. पण ‘पुट आऊट द फायर’ आलं तर? ‘पुट’ पहिलीपासून माहीत आहे, ‘आऊट’ तर क्रिकेटमुळे घरोघरी पोहोचलेला. दोन्ही शब्द ओळखीचे, तरी अर्थ लागत नाही. आणि इतके सोपे शब्द विचारायचे कसे, या लाजेने मूल गप्प बसतं.

मराठी माध्यमाच्या मुलांना हे जास्त जाचतं. पुस्तकातले ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘इन्व्हेस्टिगेट’ त्यांना येतात. पण बोलताना लोक ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘लुक इनटू’ असंच म्हणतात. पुढे मुलाखतीत किंवा नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेब म्हणतात, ‘आय विल लुक इनटू इट’. मी यात लक्ष घालतो, एवढंच त्यांना सांगायचं असतं. आपला हुशार विद्यार्थी मात्र गोंधळतो आणि ‘आपलं इंग्रजीच कच्चं’ अशी समजूत करून घेतो. चार गुणांपेक्षा हे नुकसान कितीतरी मोठं आहे.

ही अडचण काही फक्त आपल्याच मुलांची नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं आहे की, परक्या माणसाला क्रियापदामागे लागणारे हे छोटे शब्द सर्वांत अवघड जातात.

मुलाला हे मराठीत येतंच!

आता मराठीकडे बघा. ‘खा’, ‘खाऊन टाक’, ‘खाऊन घे’, ‘खाऊन बघ’. खाणं एकच, पण पुढच्या शब्दाने अर्थाची छटा बदलली. ‘खाऊन टाक’ म्हणताना आपण काही फेकायला सांगत नाही. ‘तो भलतंच बोलून बसला’ यात तो उभा असला तरी चालतं! व्याकरणात आपण याला संयुक्त क्रियापद म्हणतो. आपल्या पोराला ते शाळेत येण्याआधीपासून येतं.

इंग्रजीत हेच काम पुष्कळदा क्रियापदामागचं छोटं शेपूट करतं. ‘ईट’ म्हणजे खा, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक. ‘टेअर’ म्हणजे फाड, ‘टेअर अप’ म्हणजे फाडून टाक. ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव. इथे ‘अप’ म्हणजे वर नाही, तर काम पुरतं संपवणं. एवढं कळलं की तीन शब्द पाठ करावे लागत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं, क्रियापदाऐवजी शेपटाकडून सुरुवात करा. ‘ऑफ’मध्ये पुष्कळदा अलग होणं असतं: ‘टेक ऑफ’, ‘कट ऑफ’, ‘सेट ऑफ’. ‘ऑन’मध्ये चालू ठेवणं असतं: ‘गो ऑन’, ‘कॅरी ऑन’, ‘रीड ऑन’. सगळेच या चौकटीत बसत नाहीत, हेही मुलांना सांगा. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे हे वाक्यातूनच शिकावं लागतं. पण सगळंच पाठांतर आहे, ही भीती तरी जाते.

‘इट’ घालून बघा

शेपूट क्रियापदाचं आहे की पुढच्या नामाचं, हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. ‘स्विच ऑफ द फॅन’ चालतं, ‘स्विच द फॅन ऑफ’ही चालतं. पण ‘फॅन’च्या जागी ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं: ‘स्विच इट ऑफ’. ‘स्विच ऑफ इट’ चूक. याउलट ‘लुक ॲट इट’ बरोबर, ‘लुक इट ॲट’ चूक. कारण ‘ऑफ’ इथे क्रियापदाचा सोबती आहे, तर ‘ॲट’ हे पुढच्या नामाशी जोडलेलं अव्यय आहे.

फळ्यावर दोन वाक्यं लिहा: ‘शी रॅन अप अ हिल’ आणि ‘शी रॅन अप अ बिल’. पहिलीत ती टेकडी चढून गेली, दुसरीत तिने बिल वाढवून ठेवलं. पहिलीचं ‘रॅन अप इट’ होतं, दुसरीचं ‘रॅन इट अप’. मुलं हसतील आणि लक्षातही ठेवतील.

मराठीचा पाय अडकतो तिथे

मराठीची मदत होते, तशी अडचणही होते. आपण ‘तिच्याशी लग्न केलं’ म्हणतो, म्हणून मुलं ‘मॅरीड विथ हर’ लिहितात. ‘विषयावर चर्चा’ म्हणून ‘डिस्कस ऑन’. इंग्रजीत ‘मॅरी’ आणि ‘डिस्कस’ थेट कर्म घेतात, मध्ये काही नको. उलट आपण ‘गाणं ऐक’ म्हणतो, म्हणून मुलं ‘लिसन द साँग’ लिहितात आणि ‘टू’ गळतो. अशा वेळी नुसती लाल रेघ मारू नका. मराठी वाक्य शेजारी लिहून फरक दाखवा. चूक का झाली हे कळलं की ती सुधारते.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

1. आठवड्याला एकच शेपूट घ्या. मुलांना त्याची वाक्यं शोधून आणू द्या.
2. कृती करत शिकवा: ‘टेक ऑफ युअर शूज’, ‘पिक अप द चॉक’, ‘पुट इट बॅक’.
3. ‘चेकअप’, ‘टेकऑफ’, ‘स्विच ऑफ’ हे शब्द मराठीत रुळलेलेच आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करा.
4. पालकहो, तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी हरकत नाही. ‘हे मराठीत कसं म्हणशील?’ एवढं विचारा. ‘खाऊन टाक’ आणि ‘खाऊन बघ’ यांतला फरक मुलाशी बोलणं हाही व्याकरणाचाच अभ्यास आहे.

‘पण परीक्षेत तर यादीतलंच विचारतात ना?’ असं कुणी म्हणेल. विचारू द्या की! ज्या मुलाने शब्द वाक्यात वापरला आहे, त्याला ‘स्वतःच्या वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न जड जाणार नाही. नुसती यादी घोकलेल्या मुलाला मात्र वाक्य सुचत नाही, हे पेपर तपासताना आपण सगळेच बघतो.

तेव्हा या सोमवारी फळ्यावर फक्त ‘अप’ लिहा आणि मुलांना विचारा, ‘हे कुठे कुठे ऐकलंय?’ बघा, किती हात वर होतात.