बिनदाराची चौकट

पुण्यातल्या माझ्या फ्लॅटला दोन कुलपं आणि सोसायटीच्या गेटवर कॅमेरा. त्यामुळे घोडेगावला आत्याकडे गेलो की हायवेवरून आत वळून शनी शिंगणापूरला चक्कर ठरलेली. घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत! २०११ मध्ये युको बँकेनेही इथे बिनकुलपाची शाखा उघडली. दर वेळी मी फोटो काढतो आणि मित्रांना पाठवतो, ‘हेरिटेज, बॉस!’

या वेळी मात्र माझी विकेट गेली. आत्याची लेक तिथेच दिलीय. नवं घर बांधून होत आलंय. चहा देता देता ती म्हणाली, ‘दादा, तुला चौकट बघायला छान वाटतं. ह्यांची कारखान्यात रात्रपाळी, घरात मी नि पोरं. मला दार हवंय. सासूबाई म्हणतात, देवाला काय वाटेल?’

मी गप्प. जवळच्याच नेवाशात पैस खांबाभोवती देऊळ बांधता आलं. तिथल्या टेकाडात डेक्कन कॉलेजने १९५४ ते ५६ मध्ये उत्खनन केलं, सापडलेल्या वस्तू जपता आल्या. पण श्रद्धा कुठल्या काचपेटीत ठेवणार? ती जपतात तिथली माणसं, कधी स्वतःची झोप मोडून. मग दार लावायचं की नाही, हे कोण ठरवणार? एका दिवसासाठी आलेला मी तर नक्कीच नाही.

निघताना ती म्हणाली, ‘फोटो खुशाल छाप. पण मी रात्री जागी असते, तेही लिही.’

लिहिलं गं.